सेल्फ फिरतो, पण इंजिन घेत नाही

पावसाळ्यानंतर जेट स्की आणि जेट बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच वाक्य असतं, ‘मशीन स्टार्ट घेत नाही.’ एवढ्यावरून निदान होत नाही. सेल्फ रडतखडत फिरतो की दमात फिरूनही इंजिन पेटत नाही, हे आधी कळायला हवं. पहिल्या तक्रारीत बॅटरी, वायर किंवा कुठेतरी अडकलेला जेट पंप (पाणी मागे फेकून मशीन पुढे ढकलणारा) शोधायचा. दुसरीत ठिणगी, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). हे न पाहता बटण दाबत राहणाऱ्यांचं जास्त नुकसान होतं, म्हणून एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये त्याला थंड होऊ द्या.

तारकर्लीहून एक वाचक: जेट स्की चार महिने शेडमध्ये होती. बॅटरी चार्ज करून लावली, तरी बटण दाबलं की नुसतं ‘टिक’ होतं. मेकॅनिक म्हणतो, सेल्फची मोटर बदला.

मोटर बदलू नका, आधी मल्टिमीटर मागवा. बॅटरी चार्जरवरून काढून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवली तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. चार्जर काढल्या काढल्या येणारा आकडा फसवा असतो. मग सेल्फ मारताना मोजा. आकडा १० च्या बराच खाली कोसळला तर बॅटरी आतून गेली आहे, कितीही चार्ज केली तरी उपयोग नाही.

आकडा टिकला आणि तरीही टिकटिक होत असेल, तर मीटरची एक सुई (वायरीचं टोक) बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सहकाऱ्याला बटण दाबायला सांगा. मीटरवर जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची वायर करंट खातेय. पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासा, म्हणजे रिलेचा, म्हणजे सेल्फला करंट देणाऱ्या स्विचचा, दोषही सापडेल. किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये अर्थची वायर बाहेरून अगदी नवी दिसते. थिंबलजवळचं (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळचं) आवरण बोटभर सोलून बघा, आतलं तांबं हिरवं किंवा काळं पडलेलं असतं. लख्ख तांबं दिसेपर्यंत ते कापा, नवं थिंबल दाबून बसवा, वरून गोंदवाली हीट-श्रिंक नळी चढवा आणि टोकांना ग्रीस लावा. एवढं करूनही ‘टिक’च आलं, तरच मोटर उघडा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगतो. टाकीत मेपासूनचं पेट्रोल असेल तर थोडं काचेच्या बरणीत काढून तासभर स्थिर ठेवा. आता पेट्रोल पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी हद्दीबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि फ्युएल पंप तळातूनच उचलतो. बरणीत दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा, वरून ताजं पेट्रोल ओतून भागत नाही. बहुतेक मरीन उत्पादकांनी इथेनॉलची मर्यादा १० टक्के घातली आहे. तेवढं कमी इथेनॉलचं पेट्रोल तुमच्या भागात मिळत नसेल, तर निदान ते टाकीत साठवून तरी ठेवू नका.

देवबागहून: बॅटरी नवी, वायरी साफ, तरी सेल्फ जड फिरतो. इंजिन जाम होतंय का?

बहुधा जेट पंप. मोटरसायकलला न्यूट्रल असतो, जेट स्कीला नसतो. पंपातला पंखा, म्हणजे इम्पेलर, इंजिनाला थेट जोडलेला असल्यामुळे सेल्फ इंजिनाबरोबर त्यालाही फिरवतो. जाळ्याचा नायलॉन धागा शाफ्टला गुंडाळला, किंवा उथळ पाण्यात सुरू केल्याने वाळू आणि शिंपल्याचा तुकडा इम्पेलरभोवतीच्या वेअर रिंगमध्ये रुतला, की दोष इंजिनाचा वाटतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवल्याशिवाय तळाच्या जाळीत हात घालू नका, हे मी प्रत्येक वेळी लिहितो आणि लिहीत राहीन. प्लग काढून इम्पेलर हाताने फिरवा. घासल्याचा आवाज आला तर आधी पंप सोडवून साफ करा. पुढच्या वेळी किमान तीन फूट पाण्यात नेऊनच सुरू करा.

नागावहून: सकाळी पटकन सुरू होते. दुपारी चार-पाच राइड झाल्या, पंधरा मिनिटं थांबलो की सेल्फ छान फिरतो, पण इंजिन घेत नाही. तासाभराने आपोआप सुरू होते.

बिघाड गरम असतानाच दिसतो, तर तपासणीही गरम असतानाच करायला हवी. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत मशीन थंड होतं आणि मेकॅनिक म्हणतो, ‘काहीच नाही झालंय.’ तेव्हा ती वाळूवर अडून बसली असतानाच सीट उघडा, आतली पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्या आणि टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन सुरू झालं, तर टाकीच्या हवेच्या नळीतला व्हॉल्व्ह मिठाने बंद झाला आहे.

तसं नसेल तर प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर ओव्हरफ्लो आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलंय, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बंद असताना गळत असण्याची शक्यता मोठी. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, तेव्हा फ्युएल पंपाचं प्रेशर मोजून घ्या. ठिणगीच गायब असेल तर इंजिन फिरतंय हे ओळखणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्या. तो गरम झाल्यावर मान टाकतो आणि थंड झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखा वागतो. ठिणगी बघायला टेस्टर वापरा, वाफेने भरलेल्या बंद हलमध्ये (मशीनच्या पोटात) उघडा प्लग इंजिनावर टेकवणं जिवावर बेतू शकतं.

ओव्हरफ्लो झाल्यावर थ्रॉटल पूर्ण दाबून सेल्फ मारतात. बऱ्याच इंजेक्शनच्या मशीनमध्ये त्या वेळी पेट्रोल तोडलं जातं आणि ओला सिलिंडर कोरडा होतो. पण इंजिन पेटलं की न्यूट्रल नसल्यामुळे जेट स्की उसळते. समोर माणूस किंवा दुसरी बोट नको, आणि इंजिनाचा आवाज येताच थ्रॉटल सोडा.

क्राइस्टचर्चहून: मी इथे जुनी, व्ही-८ इंजिनाची कार्ब्युरेटरवाली जेट बोट घेतली आहे. दोन-तीन आठवडे उभी राहिली की मिनिटभर सेल्फ मारावा लागतो. एकदा सुरू झाली की दिवसभर त्रास नाही.

तुम्ही या बोटीच्या माहेरीच राहता. न्यूझीलंडमधल्या तुमच्या कँटरबरी प्रांताच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांत चालावी म्हणून तिथल्याच बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात तिथेच ही जेट बोट घडवली, आणि १९७७ साली एडमंड हिलरी अशाच बोटी घेऊन गंगेच्या मुखातून वर हिमालयाकडे निघाले होते.

तुमच्या तक्रारीत काळजीचं फारसं काही नाही. उभ्या बोटीत कार्बच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, आणि इंजिनावर चालणाऱ्या पंपाला ती पुन्हा भरायला बरेच फेरे लागतात. इंजिन बंद ठेवून फ्लेम अरेस्टर (कार्बवरची, ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) काढा, टॉर्चने कार्बमध्ये बघत थ्रॉटल एकदा ढकला. आत पेट्रोलच्या स्वच्छ धारा पडल्या पाहिजेत. पडल्या नाहीत तर वाटी रिकामी आहे किंवा या धारा मारणारा, कार्बमधला ॲक्सिलरेटर पंप गेला आहे. वाटी भरायला लाइनमध्ये हाताने दाबायचा मरीन प्रायमर बल्ब बसवून घ्या. चोक (कार्बमध्ये जाणारी हवा अडवणारी झडप) थंडीत पूर्ण बंद होतो का, तेही बघा.

आणि नीट कान द्या: सेल्फ चालू असताना इंजिन पेटत नाही, पण किल्ली सोडताक्षणी पेटतं, असं होतं का? होत असेल तर जुन्या पॉइंटच्या इग्निशनमध्ये सेल्फ मारताना कॉइलला पूर्ण बारा व्होल्ट देणारी वायर तुटलेली किंवा सुटलेली आहे.

सुरू करण्याआधी इंजिनखोलीचा ब्लोअर चार मिनिटं चालवा, तिथे पेट्रोलचा वास येतोय का ते नाकाने बघा, मगच किल्ली. कारच्या दुकानातला स्वस्त स्टार्टर किंवा डिस्ट्रिब्युटर घालू नका. मरीन सामान आतली ठिणगी बाहेर पडू देत नाही, आणि साठलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते.

अलिबागहून: किनाऱ्यावर नळ लावून धुताना पाणी आधी की इंजिन आधी?

इंजिन आधी, मग लगेच पाणी. थांबवताना पाणी आधी बंद, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये चढतं.

म्हापशाहून: जेट स्की उलटली. मित्राच्या बोटीने ओढत आणली. आता बटण दाबलं की ‘ठक’ होऊन थांबते.

बटणाला पुन्हा हात लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी आहे आणि पाणी दाबलं जात नाही, जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकेल. सगळे प्लग काढा, कॉइल बाजूला सुरक्षित ठेवा किंवा वायर अर्थ करा, मग थोडा थोडा सेल्फ मारून पाणी बाहेर फेकू द्या. प्लगच्या भोकांसमोर तोंड नको. फोर-स्ट्रोक असेल तर ऑइलची काडी काढून बघा. दुधाळ दिसलं तर ऑइल आणि फिल्टर बदला, थोडं चालवून परत बदला, काडीवर स्वच्छ ऑइल येईपर्यंत. हे त्याच दिवशी करा. खाऱ्या पाण्यात बेअरिंग एका रात्रीत गंज धरतं. मेकॅनिक उद्या येणार असेल तर निदान पाणी काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज रोखणारं फवारायचं तेल) मारून ठेवा.

उलटलेली मशीन कोणत्या बाजूने सरळ करायची, त्याचं स्टिकर मागे लावलेलं असतं. चुकीच्या बाजूने फिरवली तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात उतरतं. आणि बंद जेट स्की ओढायची तर ताशी ८ किलोमीटरच्या आतच.