प्रकाशसंवेदक आणि मॉड्युलर सिंथेसायझर : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : एलडीआर (उजेड वाढला की ज्याचा रोध कमी होतो असा प्रकाशसंवेदक) आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर यांचा व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी जोडणी) करून मॉड्युलर सिंथेसायझरच्या, म्हणजे सुटी मॉड्यूल तारांनी जोडून केलेल्या वाद्याच्या, फिल्टरला जोडला, पण हात फिरवूनही आवाजात जेमतेमच फरक पडतो. असे का?

उत्तर : दोष एलडीआरचा नसून स्थिर रेझिस्टरच्या निवडीचा आहे. आपण जिथे वाजवता तिथल्याच दिव्याखाली, आधी एलडीआर उघडा ठेवून आणि मग हाताने झाकून, मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. समजा तो अनुक्रमे २ आणि २० किलोओहम भरला, तर या दोन आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६.३, हे योग्य मूल्य ठरते आणि बाजारात त्याच्या जवळचा ६.८ किलोओहमचा रेझिस्टर मिळतो. एलडीआर ५ व्होल्टच्या बाजूला आणि रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूला ठेवल्यास व्होल्टेज साधारण १.३ ते ३.९ इतके फिरते. आपल्या १०० किलोओहमने मात्र ते ४.२ ते ४.९ एवढ्यातच अडकते. युरोरॅकच्या (मॉड्युलर सिंथेसायझरच्या एका प्रचलित मांडणीच्या) १२ व्होल्टमधून ५ व्होल्ट काढण्यासाठी ७८एल०५ हा व्होल्टेज रेग्युलेटर पुरेसा आहे. पुढे टीएल०७२ या ऑप-अँप चिपचा बफर (पुढच्या जोडणीचा भार डिव्हायडरवर येऊ न देणारा टप्पा) अवश्य घालावा, कारण युरोरॅक मॉड्यूलचे इनपुट बहुधा १०० किलोओहमचे असते आणि तशी चार इनपुट एकत्र जोडली की उघड्या एलडीआरचे व्होल्टेज सुमारे ०.२ ने खाली येते. फिल्टरला ते कदाचित जाणवणार नाही. ऑसिलेटरचा (मूळ स्वर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलचा) स्वर मात्र सुमारे अडीच सेमीटोनने (सेमीटोन म्हणजे सप्तकाचा बारावा भाग) उतरेल.

प्रश्न : एलडीआरऐवजी फोटोट्रान्झिस्टर (प्रकाशाला झटपट प्रतिसाद देणारा संवेदक) लावला, तर सतत गुणगुण ऐकू येते.

उत्तर : आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. एलडीआर मुळातच मंद असल्याने ही थरथर बरीचशी गिळून टाकतो, पण फोटोट्रान्झिस्टर ती जशीच्या तशी पुढे पाठवतो. बफरच्या आधी मालिकेत १० किलोओहम आणि तिथून ग्राउंडला १ मायक्रोफॅरड जोडल्यास सुमारे १६ हर्ट्झच्या वरचे चढउतार दबू लागतात आणि ही गुणगुण साधारण सहा पटींनी कमी होते. तेवढ्याने भागले नाही, तर बॅटरीची विजेरी वापरावी. (काहींना ही गुणगुणच हवी असते, ती गोष्ट वेगळी.)

प्रश्न : प्रकाशाने सुरात वाजवता येईल का?

उत्तर : क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या नेमक्या स्वरावर आणणारे मॉड्यूल) लावल्यास येईल. एक व्होल्टला एक सप्तक या पद्धतीत सेमीटोन अवघा ८३ मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे शेजारून कोणी चालत गेले तरी स्वर हलतो. माझ्या मते प्रकाश फिल्टर किंवा व्हीसीएसाठीच (व्होल्टेजने आवाजाची पातळी बदलणाऱ्या मॉड्यूलसाठीच) राखावा.

प्रश्न : ही कल्पना नवीन आहे का?

उत्तर : नाही. ब्रिटिश संगीतकार डॅफ्ने ओरम यांच्या ओरॅमिक्स या ध्वनिनिर्मिती यंत्रात फिल्मवर काढलेल्या रेषा प्रकाशसंवेदकांनी वाचल्या जात, तर अमेरिकी सिंथेसायझर-रचनाकार डॉन बुक्ला यांच्या २९२ या लो-पास गेटमध्ये (आवाजाची पातळी आणि तीक्ष्णता एकत्र कमी-जास्त करणाऱ्या मॉड्यूलमध्ये) दिवा आणि एलडीआर एकाच बंद डबीत, म्हणजे व्हॅक्ट्रोलमध्ये, असत. अंधार झाल्यावर एलडीआरचा रोध सावकाश वाढतो आणि त्यामुळेच त्या गेटचा नाद लाकडी वाद्यासारखा हळूहळू विरतो.