वाचकांचे प्रश्न : जोडीदाराला न सांगता हरलेला सामना

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत असून शाळेच्या संघातून ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ ही रोबोटिक्स स्पर्धा खेळतो. पात्रता फेरीतला शेवटचा सामना मुद्दाम हरावा, म्हणजे समोरच्या आघाडीतला (दोन संघांच्या जोडीतला) ओळखीचा बलाढ्य संघ अव्वल ठरेल आणि बाद फेरीसाठी आपल्यालाच जोडीदार म्हणून निवडेल, असे मार्गदर्शक सरांनी सुचवले आणि मुलांनी तसे केले. हे केवळ डावपेच होते, असे सर म्हणतात. मुलगा मात्र तेव्हापासून गप्प आहे. यात गैर काय झाले?
— एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नुरा कुस्ती म्हणजे काय, हे सांगलीकराला समजावून सांगावे लागत नाही. परंतु नुरा कुस्तीत दोन्ही मल्ल सामील असतात आणि फसतो तो प्रेक्षक. इथे फसलेला संघ आपल्या मुलाच्याच बाजूने खेळत होता. या स्पर्धेच्या पात्रता फेरीत दोन-दोन संघांच्या आघाड्या वेळापत्रकानुसार ठरतात, जोडीदार कोणी निवडत नाही, आणि पराभवाची झळ दोघांच्याही क्रमवारीला लागते. त्या जोडीदाराचा सामना आपल्या मुलांनी त्याला न विचारता परस्पर देऊन टाकला, आणि माझ्या मते गैर आहे ते नेमके हेच.

सरांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. रोबोची ढिली झालेली साखळी जपण्यासाठी एखादी जोखीम टाळणे किंवा नवा प्रोग्रॅम सामन्यातच पडताळून पाहणे, हे जोडीदाराच्या संमतीने केले तर त्यात वावगे काही नाही. ही स्पर्धा भरवणाऱ्या ‘फर्स्ट’ संस्थेच्याच थोरल्या स्पर्धेच्या नियमावलीत बाहेरच्या संघाने एखाद्या आघाडीला कुवतीपेक्षा कमी खेळण्यास उद्युक्त करू नये असे म्हटले आहे, आघाडीतल्या सर्वांनी मिळून आखलेल्या डावपेचांना मात्र मोकळीक आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुढची लढत सोयीची व्हावी म्हणून मुद्दाम हरू पाहणाऱ्या बॅडमिंटन महिला दुहेरीच्या चार जोड्या अपात्र ठरवल्या गेल्या. (त्या निदान स्वतःचाच सामना हरत होत्या.) पुढे बॅडमिंटन महासंघाने सोडतीची पद्धतही बदलली, म्हणजे अशा मोहाला स्पर्धेची रचनाही थोडीफार कारणीभूत असते, मुलांना दोष देताना एवढे ध्यानात ठेवावे.

मुलाला सरांशी वाद घालायला लावू नका. संघातल्या मुलांनी त्या जोडीदार संघाला पत्र लिहून घडले ते सांगावे आणि क्षमा मागावी. आणि पुन्हा असा बेत निघालाच, तर सामन्याआधी सरांना एवढेच विचारावे की, हे आपण जोडीदार संघाला सांगणार आहोत ना?