थरथर नेमकी कोठून येते? : जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा संपत आला की गाडीच्या थरथरीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्यांपैकी चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण सर्वांत अधिक लोकांना भेडसावते आणि तिच्यावर अनाठायी खर्चही सर्वांत अधिक होतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी लहान गाडी २०११ सालची असून ती १,१२,००० किलोमीटर चालली आहे. ऐरोलीहून वागळे इस्टेटला रोज जाताना काही तक्रार नसते. परंतु गावी जाताना कळंबोलीपुढे द्रुतगती मार्ग लागला की ताशी ७५ किलोमीटरनंतर स्टेअरिंग थरथरू लागते. ८५ ते ९० ला थरथर सर्वांत जास्त असते आणि १०० च्या जवळ ती पुष्कळ कमी होते. तीनदा अलाइनमेंट केले, पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले, तरी फरक नाही. आता स्टेअरिंगचा संपूर्ण रॅक (स्टेअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणारा दांडा) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. एवढा खर्च करावा का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : रॅकचा खर्च तूर्त थांबवावा. आपण वेगाचे आकडे नोंदवून पाठवलेत हे फार चांगले केले, कारण निम्मे निदान त्या आकड्यांतच आहे.

एका ठरावीक वेगाला सुरू होणारी, वाढणारी आणि पुढे ओसरणारी थरथर ही जवळजवळ नेहमी चाकाबरोबर फिरणाऱ्या एखाद्या भागातून येते. १५५/८० आर १३ या मापाचे टायर ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते. रिमच्या कडेला केवळ ३० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त असले, तर त्या वेगाला ते चाकाला जवळजवळ ३ किलोच्या जोराने बाहेर ओढते आणि ही ओढ सेकंदाला १२ वेळा दिशा बदलत फिरते. वेग निम्मा केला की हा जोर चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे पाऊण किलोपेक्षाही खाली येतो. त्यामुळेच ऐरोलीच्या पुलावर आपल्याला काही जाणवत नाही. शिवाय चाक, हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि ब्रेक यांचा मिळून होणारा भार स्प्रिंग व टायर यांच्यामध्ये स्वतःच्या लयीने हलत असतो आणि ती लयही साधारणपणे सेकंदाला १० ते १५ हेलकाव्यांची असते. फेऱ्यांची लय आणि ही लय जुळली की थरथर मोठी होते. वेग आणखी वाढला की दोन्ही लयी वेगळ्या होतात आणि स्टेअरिंग शांत होते. आपला ८५ ते ९० चा अनुभव नेमका हाच आहे.

आता आधीच्या दुरुस्त्यांकडे पाहू. अलाइनमेंट म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग सरळ राहत नाही, टायरची एक कड लवकर झिजते. थरथर मात्र सहसा येत नाही. बॅलन्सिंग, म्हणजे रिमवर छोटी वजने लावून चाकाचा भार सर्व बाजूंना सारखा करणे, हे पूर्णपणे वेगळे काम आहे आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. दुकानांच्या पाटीवर ही दोन नावे शेजारीशेजारी असतात, म्हणून एक केले की दुसरेही झाले असा समज होतो, आणि त्या समजापायी लोकांनी हजारो रुपये घालवलेले मी पाहिले आहेत. शॉकॲब्सॉर्बर खराब असतील तर थरथर लवकर विरत नाही, हे खरे. पण ती निर्माण करणारे कारण तसेच राहिले, तर नवे शॉकॲब्सॉर्बर तिला पुरे पडत नाहीत. रॅकचेही तसेच आहे. घासलेला रॅक पेव्हर ब्लॉकवर किंवा खड्ड्यांत, ताशी २० च्या वेगाला खडखडतो. गुळगुळीत द्रुतगती मार्गावर ९० ला थरथरून १०० ला शांत होणे हे त्याचे लक्षण नव्हे.

प्रथम चारही चाके काढून रिमच्या आतील बाजू पाहा. घोडबंदर रस्त्यावर किंवा जेथे मेट्रोचे वा काँक्रीटचे काम चालू आहे तेथे पावसाळाभर गाडी चालवली की आतल्या खोबणीत चिखल आणि सिमेंटचा गाळ साचून दगडासारखा घट्ट होतो. बाहेरून चाक स्वच्छ दिसते आणि आत मूठभर माती एकाच बाजूला चिकटलेली असते. हा गाळ खरवडून धुतला, एवढ्यानेच कित्येक गाड्यांची थरथर गेली आहे. चाके काढलेली असतानाच हबचा सपाट भाग आणि रिमची आतली बैठक तारेच्या ब्रशने साफ करून घ्यावी. खाडीच्या दमट, खारट हवेत तेथे गंजाचे पापुद्रे धरतात आणि एकही पापुद्रा मधे राहिला तर चाक किंचित तिरके बसते. मग बॅलन्सिंग कितीही अचूक असले तरी उपयोग होत नाही. नट घट्ट करताना समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या जोराने आणि टॉर्कच्या (जोर मोजून आवळणाऱ्या) पान्यानेच करावेत.

त्यानंतर चारही चाकांचे बॅलन्सिंग स्वतः उभे राहून करून घ्या. वजने लावल्यावर चाक पुन्हा फिरवून यंत्रावर दोन्ही बाजूंना शून्य येते की नाही, ते पाहा. नंतर चाक सैल करून, थोडे फिरवून पुन्हा बसवायला सांगा आणि आकडा तपासा. तो बराच बदलला तर चाक यंत्रावर नीट मध्यभागी बसले नव्हते, हे उघड होते. फिरणाऱ्या रिमच्या कडेकडे नजर ठेवा. कड डावीउजवीकडे डोलत असेल किंवा टायर वरखाली उचलल्यासारखे दिसत असेल, तर रिम वाकलेली आहे किंवा टायर वेडेवाकडे झाले आहे, आणि तो दोष वजने लावून जात नाही. पंक्चरसाठी टायरमध्ये द्रव भरला असेल तर तेही दुकानदाराला सांगा, कारण तो द्रव तळाशी साचून बॅलन्स बिघडवतो.

एवढे करूनही थरथर राहिली तर पुढची दोन चाके मागे आणि मागची पुढे बसवून पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने जाऊन पाहा. या चाचणीला मेहनतीपलीकडे काही लागत नाही. थरथर स्टेअरिंगमधून निघून आसनात आणि पायाखाली जाणवू लागली, तर दोष मूळच्या पुढच्या दोन चाकांपैकी एकात आहे. ती जागची हलली नाही, तर हब, बेअरिंग किंवा एक्सल यांकडे वळावे. आसनातून येणारी थरथर बहुधा मागच्या चाकांची आणि स्टेअरिंगमधून येणारी पुढच्या चाकांची, हा ढोबळ नियम जुन्या गाड्यांनाही लागू पडतो.

टायरच्या वयाबद्दल विशेष आग्रहाने लिहितो. टायरच्या भिंतीवर चार आकडी अंक असतो; २३१९ असेल तर ते २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेले टायर आहे. कमी चालणाऱ्या जुन्या गाडीत नक्षी शाबूत दिसते, पण रबर म्हातारे झालेले असते. ताशी २० ते ३० वेगालाच स्टेअरिंग हळूहळू डावीउजवीकडे डोलत असेल आणि टायरच्या पृष्ठावर हाताला फुगवटा लागत असेल, तर आतल्या पोलादी तारांचा पट्टा सुटला आहे असे समजून ते टायर त्याच दिवशी काढावे. असे टायर वेगात फाटू शकते, आणि त्या क्षणी गाडीत आपली माणसे बसलेली असतात.

सांध्यांची तपासणी शेवटी करावी. सैल सांधा स्वतः सहसा थरथर निर्माण करत नाही, पण चाकाची बारीक थरथर तो वाढवून स्टेअरिंगपर्यंत पोहोचवतो. पुढचे चाक जॅकने उचलून, गाडी जॅक स्टँडवर टेकवून, चाक डावीउजवीकडे धरून हलवा. सैलपणा जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकांचे सांधे, पाहावेत. वरखाली धरून हलवल्यावर सैलपणा असेल तर दुसऱ्या व्यक्तीला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबताच सैलपणा गेला तर बेअरिंग गेले आहे, कायम राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोल सांधा). नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

प्रश्न : गायमुखचा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग जोरात हलते आणि पेडल पायाला धडधडते. ब्रेक सोडला की सारे शांत होते. गाडी १४ वर्षांची आहे. पुढची चाके अलीकडेच बॅलन्स केली आहेत. (एक वाचक, कासारवडवली)

उत्तर : केवळ ब्रेक दाबल्यावर येणारी थरथर चाकाच्या बॅलन्सिंगशी संबंधित नसते. पुढच्या डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही, हे याचे नेहमीचे कारण असून मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही पायाला कळतो. लोक ‘डिस्क वाकली’ असे म्हणतात. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा हबवर किंचित तिरकी बसलेली असते आणि प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी पॅडला घासून तेथे पातळ होते. हे तिरकेपण हबवरच्या गंजाने येते किंवा हवेच्या बंदुकीने नट कमीजास्त आवळल्याने येते. आपली चाके नुकतीच काढली गेली होती, म्हणून नट त्या वेळी कसे आवळले याची चौकशी अवश्य करा.

डिस्क लेथवर तासून घेता येते. मात्र तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती खाली जाता कामा नये. तासायला पुरेशी जाडी नसेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकत्र बदला. त्याआधी दोष मागच्या ड्रममध्ये नाही ना, हे तपासा : मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे वाहन नसताना, ताशी ३० वेगाला हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हलकेच ओढा. आसन थरथरले तर ड्रमचा गोलावा बिघडला आहे. घाटात खालचा गिअर वापरल्याने डिस्क कमी तापतात, आणि तापलेल्या डिस्कसह पाण्याच्या डबक्यात शिरणे टाळावे. घाट उताराचा आहे आणि आपण रोज तो उतरता, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

प्रश्न : माझ्याकडे पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगची जुनी जीप आहे. ताशी ५० ते ६० वेगाला पुढचे चाक खड्ड्यात गेले की पुढचा संपूर्ण भाग इतका हिसडे देऊ लागतो की स्टेअरिंग हातात राहत नाही. गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते बंद होत नाही. स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे हिसके शोषणारा छोटा शॉकॲब्सॉर्बर) नवा लावावा असे सुचवण्यात आले आहे. (एक वाचक, बाळकुम)

उत्तर : ही थरथर पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळी आणि अधिक धोकादायक आहे. आपल्या जीपची पुढची दोन चाके एकाच अखंड एक्सलने जोडलेली आहेत, त्यामुळे एका चाकाला बसलेला हिसका टाय रॉडमधून दुसऱ्याला मिळतो, तेथून परत येतो आणि कोठेही सैलपणा असेल तर स्वतःच वाढत जातो. पुन्हा तसे झाले तर स्टेअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि जोरात ब्रेक न मारता वेग उतरू द्या. नवा डॅम्पर हिसका काही दिवस दाबून ठेवील आणि मूळ दोष झाकून जाईल, म्हणून तो सर्वांत शेवटी लावावा.

चाके जमिनीवर असताना एका व्यक्तीने स्टेअरिंग थोडेथोडे डावीउजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत जावे : टाय रॉडची दोन्ही टोके, स्टेअरिंग बॉक्सपासून येणारा रॉड, बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, पाट्यांच्या शॅकलचे (पाट्यांचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश, म्हणजे सांध्यातले अस्तर. जेथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा उशिरा हलतो, तेथे झीज आहे. मग एक्सल उचलून, ब्रेक दाबून धरून, चाक वरखाली हलवून किंगपिन (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते ती) तपासा. गाडी उंच दिसावी म्हणून शॅकल लांब केले असतील किंवा मूळ मापापेक्षा मोठी टायर घातली असतील, तर किंगपिनचा मागे झुकलेला कोन बदलतो, चाकांची सरळ राहण्याची प्रवृत्ती कमी होते आणि हाच विकार उद्भवतो. असे बदल असल्यास ते आधी मागे घ्या. हे सर्व होईपर्यंत ही जीप कृपया महामार्गावर आणू नका.

प्रश्न : लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश आठ महिन्यांत दुसऱ्यांदा फाटले. सुटे भाग अस्सल होते. खड्ड्यांना दोष द्यावा काय? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : खड्डे आहेतच, पण माझा संशय बसवण्याच्या पद्धतीवर आहे. गाडी लिफ्टवर असताना चाके खाली लोंबतात आणि आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला, तर बुशच्या आतली नळी तेथेच पक्की होते. मग गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर कायमचे पिळलेले राहते. उभ्या गाडीतही ते ताणलेले असते आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी ताणले जाते. पुढच्या वेळी बोल्ट हाताने लावून सैल ठेवायला सांगा, गाडी चाकांवर उतरवून दोनतीनदा दाबून सोडा आणि तिचा पूर्ण भार चाकांवर असतानाच बोल्ट ठरलेल्या जोराने आवळून घ्या. बुश बदलल्याने चाकाचे कोन हलतात, त्यामुळे अलाइनमेंट त्यानंतर करावे.