शाईच्या बचतीसाठी साडेतेरा हजारांचा प्रिंटर घ्यावा का?

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्या घरी आठवी ते दहावीच्या २० मुलांची शिकवणी घेतात आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापतात. जुलै ते मार्च दरमहा साधारण १६० पाने निघतात, एप्रिल-मेमध्ये प्रिंटर जवळपास बंदच असतो. गेल्या वर्षी त्यांना काळ्या शाईची ५ आणि रंगीत शाईची २ कार्ट्रिज घ्यावी लागली. प्रत्येकी ₹९५० प्रमाणे ₹६,६५० नुसत्या शाईवर गेले. आता एका विक्रेत्याने त्यांना ₹१३,५०० चा इंक टँक प्रिंटर (ज्याच्या टाकीत बाटलीतून शाई भरतात तो) ९ बिनव्याजी हप्त्यांत देऊ केला असून, दोन वर्षांत पैसे वसूल होतील असे सांगितले आहे. तो घ्यावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, विक्रेत्याचे गणित चुकीचे नाही, पण त्याने तुलना आपल्या आजच्या खर्चाशी केली आहे आणि आजचा खर्चच अवाजवी आहे. आधी तो का वाढला ते पाहू. आपल्या काळ्या कार्ट्रिजच्या खोक्यावर ४८० पाने असे छापलेले आहे, प्रत्यक्षात मात्र एका कार्ट्रिजवर २८८ पानेच निघाली. खोक्यावरचा आकडा आयएसओ/आयईसी २४७११ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाप्रमाणे ठरवतात. त्यात ठरावीक नमुना पाने सलग छापली जातात. आपण आठवड्यातून एकदा-दोनदा छापता. मधल्या काळात शाई नोझलच्या, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या, तोंडाशी सुकू लागते, आणि प्रिंटर सुरू केल्यावर घरघर आवाज करत तो जी सफाई करतो, तिच्यात कागदावर एक अक्षरही न उमटता शाई खर्ची पडते. त्यातच भूमितीच्या आकृत्या आणि ठळक शीर्षके असलेल्या पानाला साध्या मजकुराच्या पानापेक्षा जास्त शाई लागते.

रंगीत कार्ट्रिजचे तर मला मनापासून वाईट वाटले. आपण पाठवलेल्या चाचणी पानाच्या छायाचित्रात पिवळ्या आणि निळ्या रेघा सलग आहेत, फक्त गुलाबी रेघ जागोजागी तुटली आहे. तिन्ही रंग एकाच डबीत असल्यामुळे एक रंग संपला की उरलेले दोनही टाकून द्यावे लागतात. शिवाय सेटिंग बदललेले नसेल, तर काळ्या प्रश्नपत्रिकेतही प्रिंटर रंगीत शाई मिसळू शकतो. छपाईच्या सेटिंगमध्ये ‘ग्रेस्केल’ आणि ‘फक्त काळी शाई’ हे पर्याय निवडा, सरावाच्या पानांसाठी ‘ड्राफ्ट’ (कमी शाईची फिकट छपाई) ठेवा, आणि प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद न करता त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, म्हणजे छपाईचे हेड झाकले जाऊन शाई लवकर सुकत नाही.

आता मुख्य हिशेब. आपण महिन्याला १६० वेगवेगळी पाने छापत नाही. मूळ पाने ८ असतात आणि त्यांच्या प्रत्येकी २० प्रती निघतात. प्रती काढणे हे इंकजेटचे काम नव्हे. घरी फक्त ८ मूळ पाने छापा आणि उरलेल्या १५२ प्रती झेरॉक्सच्या दुकानातून काढून घ्या. पानाला ₹२ हा दर धरला, तर नऊ महिन्यांचे ₹२,७३६ होतात. त्यात मूळ पानांसाठी वर्षाला एक काळे कार्ट्रिज आणि थोडा कागद मिळवला की एकूण खर्च सुमारे ₹३,७३० होतो. ५०० कागदांचे रिम ₹३०० ला धरून आजचा खर्च मोजला, तर तो शाई आणि कागद मिळून ₹७,५०० च्या घरात जातो. म्हणजे एक रुपयाही न गुंतवता खर्च निम्म्यावर येतो.

इंक टँकचा चालू खर्च खरोखरच कमी आहे, हे मी नाकारत नाही. काळ्या शाईच्या एका बाटलीत हजारो पाने निघतात, त्यामुळे तिथे शाईपेक्षा कागद महाग पडतो. आपल्या १,४४० पानांसाठी सफाईत जाणाऱ्या शाईसह ₹५०० आणि कागदाचे ₹८६४, असे वर्षाला सुमारे ₹१,३६५ धरू. आजच्या खर्चाशी तुलना केली तर ₹१३,५०० सव्वादोन वर्षांत वसूल होतात, विक्रेत्याने सांगितले तसेच. झेरॉक्सच्या मार्गाशी तुलना केली तर मात्र वर्षाला केवळ ₹२,३६५ वाचतात आणि वसुलीला पावणेसहा वर्षे लागतात. मधल्या काळात एखादी मोठी दुरुस्ती निघाली, किंवा सफाईची वाया गेलेली शाई शोषणारा पॅड भरून यंत्र अडून बसले, तर हा काळ आणखी लांबेल. घरगुती प्रिंटर पावणेसहा वर्षे विनातक्रार चालेल, या भरवशावर मी कोणाला पैसे गुंतवायला सांगणार नाही.

हप्त्यांबद्दलही स्पष्ट लिहितो. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. ‘बिनव्याजी’ हप्त्यांत व्याज बहुधा रोखीच्या ग्राहकाला मिळू शकणाऱ्या सवलतीतून वळते केलेले असते. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील, तर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र बहुधा ग्राहकाकडूनच घेतला जातो. त्यामुळे रोखीने घेतल्यास किंमत किती कमी होईल, हे विक्रेत्याला आधी विचारा.

लॅमिंग्टन रोडवर कार्ट्रिज रिफिल करून आणावे का, असेही आपण विचारले आहे. काही वर्षांपूर्वी मी तसे केले होते. शाई गळून ट्रेमधले कागद काळे झाले आणि शेवटी नवे कार्ट्रिज घ्यावेच लागले. काही प्रिंटरची काळी शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) असते, काहींची डायची (विरघळलेल्या रंगाची). चुकीची शाई भरली तर नोझल कायमचे बुजू शकते. वॉरंटी संपलेल्या प्रिंटरवर, नेमकी शाई ओळखणाऱ्याकडूनच हा प्रयोग करावा.

झेरॉक्सच्या मार्गात गैरसोय आहेच. भर पावसात कागदांची पिशवी सांभाळत दुकानात जावे लागते आणि रांगेत उभे राहावे लागते. म्हणून माझे मत मुलांच्या संख्येवर अवलंबून आहे. जूनमध्ये दुसरी तुकडी सुरू होऊन ४० मुले झाली, तर याच पद्धतीने मोजल्यास टँकचे पैसे साधारण सव्वातीन वर्षांत वसूल होतात आणि फेऱ्याही वाचतात. तेव्हा तो जरूर घ्या, पण रोखीने. रंग लागतच नसेल तर काळा लेझर प्रिंटरही पाहून ठेवा. त्याचा पानामागचा खर्च टँकपेक्षा जास्त आहे, पण टोनर ही कोरडी पूड असल्याने सुट्टीत दोन महिने बंद राहिला तरी काही बिघडत नाही.

तोवर या वर्षी वाचणाऱ्या सुमारे ₹३,८०० साठी दरमहा ₹४०० ची आवर्ती ठेव सुरू करा, आणि नवे रंगीत कार्ट्रिज घेऊ नका. रिकामे कार्ट्रिज काढून ठेवल्यावर केवळ काळ्या शाईवर छपाई होते का, हे आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहा. अनेक दोन-कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्ये ती होते.