पॉलिसीवर गाळ्याचा नंबर चुकलाय, एजंट म्हणतो रिन्यूअलला बघू. थांबावं का?

थांबू नका. 'एका आकड्याने काय बिघडतं' हे आमच्याकडेही बोलून झालं होतं, आणि त्या आकड्याचे पैसे मी मोजलेत.

मी आणि थोरला भाऊ पुठ्ठ्याचे खोके बनवायचो. शेड नंबर चार आमची. माल मावेना म्हणून शेजारची पाच भाड्याने घेतली, मधल्या भिंतीत दार पाडलं. आमच्या लेखी ती एकच जागा झाली. पॉलिसीत मात्र चारच राहिली. आणि आग लागली पाचमध्ये.

नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आला. शांत माणूस. आधी आत गेलाच नाही. शटरवरची काजळी बोटाने पुसली, खालचा रंगवलेला ५ वाचला, हातातलं शेड्यूल, म्हणजे पॉलिसीतलं जागा आणि रकमा लिहिलेलं पान, बघितलं, फोटो काढला. मग मला म्हणाला, "ही जागा कुठे लिहिलीय, दाखवा." मी पानं उलटत राहिलो. जळलेल्या कागदाची दमडी मिळाली नाही.

चारमधलं तरी सुटेल असं वाटलं. तिथे आग नव्हती, बंबाचं पाणी शिरून कोरुगेशन मशीनच्या मोटरी आणि पॅनेल गेलं होतं. ते पाणी आगीच्या क्लेममध्ये धरतात, धरलंही. पण मशीनची विमा रक्कम भावाने ताळेबंदातून उचललेली, म्हणजे घसारा वजा जाऊन उरलेला आकडा. पॉलिसी होती नव्या मशीनच्या किमतीवर. नवीन घ्यायला १०० लागणार असतील तर आमचा विमा ४० चा. विमा किमतीच्या ४० टक्के, म्हणून नुकसानाचेही ४० टक्केच: नुकसान ३० चं, हिशेबात बसले १२, त्यातून एक्सेस, म्हणजे आपण स्वतः सोसायचा ठरलेला हिस्सा, कापला तो वेगळा. हा ॲव्हरेज क्लॉज. ४० चा विमा आहे, ३० सहज मिळतील, असं मलाही वाटलं होतं.

भावाचं म्हणणं, फाइल तुझ्या कपाटात होती, वाचायची होतीस. होती, मान्य. पण घसाऱ्याचा आकडा काही कपाटाने लिहिला नव्हता! म्हणून सांगतो, विमा रक्कम ठरवताना ताळेबंद उघडूच नका, मशीनवाल्याकडून आजचं कोटेशन मागवा. आणि आकडा जो देईल त्याची त्यावर सही घ्या, मग तो सख्खा भाऊ का असेना.

तुमच्या गाळ्याचं म्हणाल तर आजच कंपनीला ईमेल करून एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली लेखी दुरुस्ती, मागा. एजंटच्या कानावर घातलं होतं, याला नंतर कुणी विचारत नाही. दुरुस्ती साधारणपणे एंडॉर्समेंटच्या तारखेपासून लागू होते, त्यामुळे रिन्यूअलपर्यंतचे सगळे महिने तुमच्या जोखमीवर. हात लावलाच आहे तर फर्मचं नाव, जागेचा वापर, छत कशाचं आहे आणि कर्ज असेल तर बँकेचं नाव, हेही बघून घ्या.

हां, एक राहिलं. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जावर, नंबर बरोबर असेल आणि छापताना कंपनीनेच चुकवला असेल, तर प्रकरण एवढं वाईट नाही, टायपिंगची चूक म्हणून भांडता येतं. फॉर्मची प्रत शोधून ठेवा. आमच्या फॉर्मवरही चारच होती. एजंटने मागच्या वर्षीचा जसाच्या तसा उतरवला होता, खाली सही माझी. ती सही भाऊ अजून विसरलेला नाही.