डायल अस्सल की रंगवलेली? जुन्या मनगटी घड्याळांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोबांचं १९६०च्या दशकातलं चावीचं फेवर ल्यूबा आमच्याकडे आहे. इतवारीतल्या एका घड्याळजींनी डायल ‘रिडायल’, म्हणजे नंतर नव्याने छापलेली, आहे म्हणून सांगितलं, तर बर्डीवरच्या दुसऱ्यांनी ‘कंपनीचीच’ म्हटलं. आपली आपण खात्री कशी करावी?
*– एक वाचक, महाल, नागपूर*

उत्तर : घड्याळजी डोळ्याला लावतात तसं दहा पटीचं भिंग घ्या आणि खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात बसा. कंपनीचं नाव नंतर बघा. सुरुवात सहाच्या खालच्या सगळ्यात बारीक ओळीपासून करा, म्हणजे ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’पासून. गिऱ्हाइकाची नजर नावावर जाते, म्हणून डायल नव्याने छापणारा सगळी मेहनत तिथे घेतो. खालच्या ओळीत त्याचं पितळ उघडं पडतं. अस्सल डायलवर ही अक्षरं अगदी कडेला आणि कडेच्या गोलाईने वळलेली असतात. केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या) ओठाखाली ती थोडी झाकली गेली असली तरी त्यात वावगं काही नाही. छपाई नवी असेल तर ही ओळ गायब असते, वर सरकलेली आणि मोठी झालेली असते, नाहीतर गोलाई सोडून सरळ रेषेत असते.

मग अक्षरांकडे वळा. कारखान्यात कोरलेल्या पत्र्यावरची शाई मऊ पॅडने उचलून डायलवर ठेवली जाते. त्यामुळे अस्सल अक्षर तिरप्या उजेडात किंचित उठावाचं दिसतं आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी असते. रिडायलमध्ये शाई पसरते. रोमन ‘ई’ आणि ‘ए’ची पोटं भरून जातात, एकाच शब्दात एक रेघ जाड तर दुसरी बारीक होते.

सगळ्यात बोलका पुरावा मिनिटांच्या रेघांचा. तासांसाठी बसवलेल्या धातूच्या खुणांची भोकं डायलमध्ये कायमची ठरलेली असतात, पण रिडायलवाल्याचा छपाईचा पत्रा बहुतेक वेळा दुसऱ्याच मापाच्या डायलसाठी केलेला असतो. मग बाराला रेघ खुणेच्या बरोबर मधोमध येते आणि चारपर्यंत जाता जाता ती बाजूला सरकते. बाराही खुणा एकेक करून तपासा. घाई केलीत तर नेमकं हेच सुटतं.

खुणांच्या बुडाशी लॅकर (डायलवरचा पारदर्शक थर) किंवा रंग साचलाय का, तारखेच्या खिडकीची कड रंगाने गोल झालीय का, छोट्या सेकंदाच्या वर्तुळातली बारीक गोल रेघोटी पुसली गेलीय का, हेही पाहा. रिडायल करताना जुनी डायल पितळेपर्यंत घासतात. मग पॉलिश, वर नवा थर आणि त्यावर छपाई. घासण्यात गेलेलं बारीक काम नव्या थराने परत येत नाही.

डायलच्या कडेला एखादी खाच दिसली की काहीजण लगेच ‘रिडायल’ म्हणतात. छपाईत डायल सरळ बसावी म्हणून अशी खाच पाडतात, हे खरं आहे. पण काही डायलना खाच कारखान्यातूनच असते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.

शंका उरलीच तर डायलची पाठ बघावी लागेल. ते काम घड्याळजींकडून आणि तुमच्यासमोर करून घ्या. मशीन बाहेर घेण्यासाठी चावी काढायला सेटिंग लिव्हरचा (चावीचा दांडा धरून ठेवणाऱ्या पट्टीचा) स्क्रू थोडाच सैल करायचा असतो. तो जास्त फिरवला तर लिव्हर डायलच्या बाजूला सुटते, आणि ती परत बसवायला काटे आणि डायल दोन्ही काढावे लागतात. नवशिक्याचा हात इथेच फसतो. काटे उचलताना डायलवर पातळ प्लास्टिक ठेवायला सांगा. पाठीवर डायल बनवणाऱ्याचा शिक्का आणि दोन्ही पाय (डायल मशीनवर बसवणाऱ्या बारीक खुंट्या) जागच्या जागी असतील तर चांगलं. पाठ घासलेली, पाय नव्याने डाखलेले किंवा डायल गोंदाने चिकटवलेली असेल तर ती कुणीतरी हाताळली आहे.

मशीन उघडलंच आहे तर डायलवरचा मजकूर त्याच्याशी ताडून पाहा. डायलवर ‘इन्काब्लॉक’ (धक्क्यापासून बचावाची रचना) लिहिलं असेल तर बॅलन्सच्या खड्यावर वीणेच्या आकाराची इवली स्प्रिंग दिसायला हवी. खड्यांचा (ज्युएल्सचा) आकडाही मशीनवर कोरलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. निकाल एका खुणेवर नको. वेगवेगळ्या जागच्या दोन-तीन खुणा एकच गोष्ट सांगत असतील, तर ती मान्य करा.

प्रश्न : देवनागरी आकड्यांची एचएमटी जनता घेतली. मित्र म्हणतात, देवनागरी म्हणजे हमखास नकली. खरं का?
*– धरमपेठ, नागपूर*

उत्तर : नाही. एचएमटीने १९६१मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. देवनागरी डायलची जनता कंपनीनेच काढली होती, म्हणून लिपी पाहून नकली ठरवता येत नाही. मात्र जुन्या मशीनवर नवी छापील डायल चढवून विकलेल्या जनता बाजारात पुष्कळ आहेत. भिंगातून ‘जनता’ची शिरोरेषा बघा. ती एकसारख्या जाडीची हवी आणि ‘ज’ व ‘न’चे दांडे तिला स्वच्छ भिडलेले हवेत. जोडावर शाईचा गोळा दिसला किंवा रेघ मध्येच तुटली असेल तर छपाई नंतरची समजा. जनता चावीचं घड्याळ आहे. डायलवर ‘ऑटोमॅटिक’ असेल तर पुढे तपासायची गरजच नाही.

प्रश्न : काळ्या डायलवर सोनेरी अक्षरं आहेत. ती सोनेरी शाईची असतात का?
*– सदर, नागपूर*

उत्तर : १९५०-६०च्या अनेक चकचकीत काळ्या डायलवर ती शाई नसते. काळ्या थरातून खालचा सोनेरी धातूच दिसत असतो, त्यामुळे अक्षर लॅकरखाली खोल दिसतं. सोनेरी रंग वर उठून आला असेल तर शंका घ्या.

प्रश्न : १९६५च्या सुमाराचं स्विस घड्याळ अंधारात छान चमकतं. म्हणजे डायल उत्तम स्थितीत आहे ना?
*– प्रतापनगर, नागपूर*

उत्तर : उलट इथेच सावध व्हा. अंधारात चमकणाऱ्या लेपात त्या काळी रेडियम मागे पडून ट्रिटियम येत होतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षांचं, म्हणजे पन्नास वर्षांत सोळाव्या हिश्श्याच्या आसपास उरतं. डायलला अर्धा मिनिट टॉर्च दाखवा आणि अंधाऱ्या खोलीत बघा. बराच वेळ हिरवी चमक टिकली तर लेप नवा आहे. काट्यांचा लेप आणि डायलचा लेप एकाच रंगाला पिवळावलेला आहे का, तेही पाहा. फक्त काटे बदलले असणंही शक्य आहे.

‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना रोमन ‘टी’ असेल तर ती ट्रिटियमची खूण. १९५०च्या घड्याळावर ती दिसली तर डायल कंपनीची, पण नंतर बदललेली असू शकते. तिला रिडायल म्हणणं अन्यायाचं ठरेल. ‘टी’ आहे पण लेप कुठेच नाही, तर मजकूर खोटा.

लेप खरवडून पाहू नका. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे. चमक गेली तरी किरणोत्सार जात नाही, आणि ती धूळ श्वासात जाणं धोक्याचं असतं.

प्रश्न : डायल अस्सल आहे, पण ठिपके पडलेत. नवी छापून घ्यावी का?
*– धंतोली, नागपूर*

उत्तर : कृपा करून नको. मशीनचे भाग मिळतात, पण घासलेली डायल परत येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो आणि लगेच मागून पावसाळ्याचा दमटपणा येतो. त्यात लॅकर तडकतं, ओल शिरली की ठिपके पडतात. म्हणून आधी चावीचं आणि बॅकचं रबर बदला.

दुसरं म्हणजे, डायल पिवळट वाटते तेव्हा कित्येकदा दोष काचेचा असतो. जुनी काच बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. ती पॉलिश करा किंवा बदला, आणि मगच डायलबद्दल ठरवा.

डायल पाण्याने, पेट्रोलने किंवा स्पिरिटने पुसू देऊ नका. छपाई लॅकरच्या वर असेल तर अक्षरं कापसाबरोबर निघून येतात. हवेच्या फुग्याने धूळ उडवली तरी पुरे. सर्व्हिसिंगला देताना पावतीवरच लिहून घ्या : ‘डायलला हात लावू नये, पुसणे, रंगवणे, बदलणे नाही.’ देण्यापूर्वी सहाच्या खालच्या ओळीचा जवळून फोटो काढून ठेवा, आणि घड्याळ परत घेताना तो तिथेच ताडून पाहा.