वाचकांचे प्रश्न : थोमाने पुरावा मागितला तर बिघडले कुठे?

प्रश्न : ‘न पाहता विश्वास ठेवणारे ते धन्य’ असे येशू आपला शिष्य थोमा याला म्हणाला. मग ख्रिस्ती धर्मात पुरावा मागणे हे अविश्वासाचेच लक्षण नाही का?
– वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ही ओवी (योहान 20:29) नेहमी एकटी उचलली जाते, घोटाळा तिथे होतो. त्याच अध्यायात मागे जा. 20व्या ओवीत, क्रूसावर मेल्यानंतर पुन्हा उठलेल्या येशूने बाकीच्या शिष्यांना आपले जखमी हात आणि कूस दाखवली आहे. थोमा त्या संध्याकाळी तिथे नव्हता. इतरांना न मागता मिळाले तेच त्याने मागितले, आणि आठ दिवसांनी ते त्याला मिळालेही. आता 31वी ओवी वाचा. तुम्ही विश्वास धरावा म्हणूनच हे लिहिले आहे, असे लेखक सांगतो. ज्यांनी पाहिले त्यांच्या साक्षीवर विसंबणाऱ्यांना इथे धन्य म्हटले आहे. साक्षही नको म्हणणाऱ्यांची ही स्तुती नव्हे.

पौलाचे बोलणे तपासून पाहणाऱ्या बिरुया गावच्या लोकांचा दाखला (प्रेषितांची कृत्ये 17:11) मात्र इथे जपून द्यावा. ते रोज पडताळत होते ते शास्त्रलेख. घटनेची चौकशी नव्हे.

प्रश्न : पुनरुत्थानाला 500 साक्षीदार होते असे सांगतात. हा पुरावा इतिहासात टिकतो का?
– वाचक, कसबा बावडा

उत्तर : पन्हाळ्याच्या 1660च्या वेढ्याचा अभ्यास करणारा राजापूरच्या इंग्रजांची त्या काळातली पत्रे आधी पाहतो, बखरी नंतर. बखर तो टाकून देत नाही, पण तिचे वजन वेगळे धरतो. इथेही तीच शिस्त लावा.

येशूला क्रूसावर दिले ते बहुधा इ.स. 30 किंवा 33 मध्ये. प्रेषित पौलाचे ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र साधारण 53 ते 55 मधले, तर मार्कचे शुभवर्तमान (येशूची कथा सांगणारा ग्रंथ) बहुतेक अभ्यासक 70च्या आसपास ठेवतात. म्हणून सुरुवात पौलापासून करावी. पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो येशू कुणाकुणाला दिसला त्यांची केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, 500हून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी स्वतः अशी यादी देतो. ‘मला जे मिळाले तेच तुम्हाला दिले’ असेही म्हणतो. म्हणजे यादीचा निदान गाभा तरी पत्राहून जुना आहे. ही तिची खरी ताकद.

500चा आकडा मात्र सभेत फेकला जातो तसा वापरू नये. या 500 जणांच्या 500 जबान्या आपल्या हाती नाहीत. एक माणूस त्यांच्याविषयी सांगतो आहे, आणि चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग स्पष्टपणे येत नाही. त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, ही पौलाची पुस्ती मोलाची आहे, पण करिंथहून जाऊन कुणी त्यांना विचारल्याची नोंद नाही.

बाहेरचे लेखक? रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. 116च्या सुमारास यहुदियाचा रोमन अधिकारी पिलात याच्या हाताखाली झालेल्या येशूच्या देहदंडाची नोंद करतो. यहुदी इतिहासकार जोसेफसचा (इ.स. 93–94) येशूवरचा प्रसिद्ध परिच्छेद जसाच्या तसा उद्धृत करू नका, त्यात ख्रिस्ती नकलकारांनी भर घातली आहे, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. कैसरियात 1961 साली पिलाताच्या नावाचा शिलालेख सापडला. त्यावरून पिलात होता एवढेच ठरते.

या सगळ्यातून क्रूसावरचा मृत्यू भक्कमपणे उभा राहतो. येशू पुन्हा दिसला अशी शिष्यांची फार लवकर खात्री झाली होती, हेही. तो खरोखर उठला का, हा निवाडा आमच्या मते कागदपत्रे एकटी देऊ शकत नाहीत. देव असे काही करू शकतो असे तुम्ही आधीपासून मानता की नाही, यावर बरेच अवलंबून राहते. पौलाने पळवाट मात्र ठेवलेली नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, असे तो त्याच अध्यायाच्या 14व्या ओवीत लिहून बसला आहे.

प्रश्न : मार्कच्या शेवटच्या ओव्या कंसात का छापतात?
– वाचक, गडहिंग्लज

उत्तर : 16:9 ते 20 या 12 ओव्या चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत, म्हणून कंस. साप उचलणे आणि विष पिऊनही बाधा न होणे इथेच येते. केवळ या ओव्यांवर कोणताही सिद्धांत उभारू नका, आणि प्रयोग तर मुळीच नको. अमेरिकेत काही मंडळ्यांत साप हाताळताना माणसे मेली आहेत.

प्रश्न : प्रार्थनेने आजार बरा झाल्याची साक्ष कशी तपासावी?
– अभ्यासगट, कोल्हापूर

उत्तर : फ्रान्समधल्या लुर्डच्या तीर्थस्थानी कॅथलिक चर्च जे विचारते तेच विचारा. आजार गंभीर होता का? निदान तपासण्यांनी झाले होते की नुसत्या अंदाजाने? चालू औषधांनी हा गुण येऊ शकला असता का? बरे होणे अचानक आणि पूर्ण होते का? काही वर्षांनीही ते टिकले का? तिथे हजारो दावे आले, पण चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले शंभरही नाहीत.

आपल्याकडे बहुतेक साक्षी यांतल्या दुसऱ्या, म्हणजे निदानाच्या प्रश्नालाच अडतात, कारण आधीचा रिपोर्टच नसतो. पाठदुखी, डोकेदुखी आपोआप चढते-उतरते. माणूस प्रार्थनेला येतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, त्यामुळे पुढचा उतार प्रार्थनेच्या खात्यात जमा होतो. साक्ष देणारा खोटे बोलत असतो असे नाही. म्हणून आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट तारखांसह मागा, डॉक्टरांना दाखवा आणि सहा महिने थांबून मगच सभेत सांगा. मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या गोळ्या साक्षीसाठी बंद करू देऊ नका. क्षयाचे औषध अर्धवट सोडले तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. आणि कुणी चमत्कार दाखवून पैसे गोळा करत असेल, तर महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे; तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.